नकाशावरचे नाव सांगितले कोणी? : स्कॉटलंडच्या ॲसिंटचे जुने नकाशे वाचताना

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा 'नॉर्थ कोस्ट ५००' हा ५१६ मैलांचा मार्ग २०१५ पासून पर्यटकांत गाजू लागला. ब्रिटनमध्ये राहणारी मराठी मंडळीही आता सुट्टीत गाडी काढून तिकडे जातात. ॲसिंट भागातल्या लॉखिनव्हर गावाच्या आसपास पोचल्यावर पाट्यांवर एकाच गावाची दोन नावे दिसतात, एक इंग्रजी वळणाचे आणि एक गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतले. हातातल्या जुन्या नकाशात तिसरेच काहीतरी छापलेले असते. त्यात २०२५ च्या स्कॉटिश भाषा कायद्याने गेलिक आणि स्कॉट्स (इंग्रजीच्या जवळची) या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा दिला. त्यामुळे 'खरे नाव कोणते' हा प्रश्न तिथे पुन्हा ऐरणीवर आला आहे.

नावांवरून होणारे वाद आपल्याला नवे नाहीत. पण ॲसिंटसारख्या ठिकाणी हा प्रश्न भावनेच्या बळावर सुटत नाही, त्याला कागद लागतात, आणि ते कागद आहेत. नकाशावरचे प्रत्येक नाव म्हणजे कोणीतरी कोणालातरी एका विशिष्ट दिवशी दिलेले उत्तर असते. विचारणारा कोण होता, सांगणारा कोण होता आणि लिहिणाऱ्याच्या कानाला कोणत्या भाषेची सवय होती, हे कळल्याशिवाय अर्थ लावायला बसू नये.

## आधी जागा समजून घेऊ

ॲसिंट हे सदरलंड परगण्यातले एक किनारी पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या देखरेखीखालचा मुलूख. जन्म, लग्न, गरिबांची मदत यांच्या नोंदी पॅरिशवार होत. १८४५ नंतर पॅरिशला सरकारी कारभारातही स्थान मिळाले आणि १९३० मध्ये हा कारभार संपला. तरी जुने दप्तर आजही पॅरिशवारच लावलेले आहे, म्हणून शोध घेणाऱ्याला हा शब्द टाळता येत नाही.

पश्चिमेला मिंच नावाचा समुद्र, आत शेकडो तळी, आणि मधेच एकटे उभे असलेले डोंगर. सूल्व्हन हा त्यांतला सर्वांत ओळखीचा, ७३१ मीटर उंच. जमीन खडकाळ. शेतीजोगी माती किनाऱ्यालगत आणि काही दऱ्यांत, तीही तुकड्या-तुकड्यांत.

या मुलखावर भाषांचे तीन थर आहेत. नवव्या शतकाच्या सुमारास स्कँडिनेव्हियातून समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांची भाषा, त्यांच्या आगे-मागे रुजलेली आणि पुढे शेकडो वर्षे घराघरात बोलली गेलेली गेलिक, आणि शेवटी जमीनदार, कचेरी व शाळा यांच्यामार्फत आलेली स्कॉट्स-इंग्रजी. 'सदरलंड' हेच नाव बघा. नॉर्समध्ये त्याचा अर्थ 'दक्षिणेकडचा प्रदेश'. ब्रिटनच्या जवळजवळ उत्तर टोकाला दक्षिण कोण म्हणेल? ऑर्कनी बेटांवरून बघणारा माणूसच म्हणेल. नाव देणारा कुठे उभा होता, ते नावातच राहून गेले आहे.

## नकाशे कोणी काढले, आणि का?

सर्वांत जुने काम टिमथी पाँट यांचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी स्कॉटलंड पायाखाली घातले. त्यांची ७७ हस्तलिखित रेखाटने ३८ कागदांवर उरली आहेत आणि ती नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडकडे आहेत. वायव्य सदरलंडच्या भागावर त्यांनी 'अत्यंत ओसाड रान' अशा अर्थाचा शेरा लिहिला आणि लांडग्यांच्या सुळसुळाटाचीही नोंद केली. पाँट यांच्या पश्चात हे कागद रॉबर्ट गॉर्डन यांच्या हातून ॲम्स्टरडॅमच्या ब्लाऊ यांच्या छापखान्यात गेले आणि १६५४ मध्ये ॲटलास निघाला. तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरणाऱ्या डच कारागिराला गेलिकचा गंधही नव्हता. हस्ताक्षरातला 'यू' आणि 'एन' यांत गल्लत होणे, जुना लांब 'एस' हा 'एफ' समजला जाणे अशा चुका त्यात मुरल्या. म्हणून ब्लाऊचे स्पेलिंग कितीही जुने असले तरी ते तिसऱ्या हाताने आलेले आहे, हे धरून चालावे.

दुसरा टप्पा लष्करी. १७४५-४६ चे जॅकोबाइट बंड, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याच्या समर्थकांचे बंड, मोडल्यावर सरकारला कळले की डोंगराळ भागात फौज हलवायला धड नकाशाच नाही. विल्यम रॉय यांच्या हाताखालच्या तुकड्यांनी १७४७ ते १७५५ या काळात मुख्य भूमी मोजली. प्रमाण १ इंचाला १००० यार्ड, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ३६० मीटर. रस्ते आणि नद्या साखळीने मोजल्या, डोंगर मात्र नजरेच्या अंदाजाने रंगवले. ते काम नकाशापेक्षा रेखाचित्राच्या जवळचे आहे असे खुद्द रॉय यांचेच मत होते. वाटा आणि वस्तीचे पुंजके बघायला तो उत्तम, पण नावांच्या बाबतीत कच्चा. लिहिणारे शिपाई बहुतेक गेलिक न कळणारे होते.

## होमची मोजणी : ॲसिंटचे भाग्य

स्कॉटलंडमधल्या बहुतेक पॅरिशांना जे मिळाले नाही ते ॲसिंटला मिळाले. १७५७ मध्ये सदरलंडच्या घराण्याने ॲसिंट विकत घेतले आणि १७७४ मध्ये जॉन होम या मोजणीदाराला शेतवार मोजणीच्या कामाला लावले. उद्देश साधा होता. कुळांकडून घ्यायचा खंड किती वाढवता येईल, ते मालकाला बघायचे होते. त्यासाठी होमने प्रत्येक शेताची हद्द, कसलेली जमीन, कुरण, रान, खडक, तळी सगळे वेगवेगळे टिपले आणि सोबत वर्णनही लिहिले. ही मोजणी १९६० मध्ये स्कॉटिश हिस्टरी सोसायटीने छापून प्रसिद्ध केली.

इथे 'शेत' हा शब्द जपून घ्यावा. तेव्हाचे शेत म्हणजे कुंपण घातलेला एक तुकडा नव्हे. एका शेतात अनेक कुटुंबे राहत. घरांजवळची खत घालून पिकवलेली जमीन, तिच्या पलीकडची आलटून-पालटून पडीक ठेवायची जमीन, आणि दूर डोंगरात उन्हाळी गुरे नेण्याची जागा, हे सगळे मिळून एक शेत. त्या उन्हाळी जागेला गेलिकमध्ये 'आरी' म्हणतात. बायका आणि पोरे गुरांबरोबर तिथे जात, दगडा-गवताच्या झोपड्यांत राहत, लोणी आणि चीज करत. वर्षानुवर्षे शेण पडल्याने या जागा आजही भोवतालच्या तपकिरी रानात हिरव्यागार उठून दिसतात. इथल्या एका डोंगराचे नाव कुन्याग, म्हणजे दुधाची चरवी. बाजूने पाहिले तर त्याचा आकार भांड्यासारखा दिसतो, आणि ज्यांच्या हातात रोज चरवी होती त्यांना तोच शब्द सुचावा यात नवल नाही.

होमच्या नकाशाचे मोल त्याच्या तारखेत आहे. १८१२ पासून पुढच्या काही वर्षांत सदरलंड इस्टेटीने आतल्या दऱ्यांतली कुटुंबे उठवली आणि तिथे मेंढ्यांची मोठमोठी शेते केली. उठवलेल्या लोकांना किनाऱ्यावर अरुंद पट्टे दिले गेले, बरेच जण समुद्रापार गेले. होमने जे टिपले ते या उलथापालथीच्या चाळीस वर्षे आधीचे आहे. आज जिथे पडक्या भिंती आणि नेचे आहेत, तिथे कोणत्या नावाचे शेत होते आणि त्याची आरी कुठवर जात होती, हे सांगणारा इतका बारकाईचा कागद त्या मुलखासाठी दुसरा नाही.

वाचताना एक मोजमाप ध्यानात ठेवायचे. त्या काळच्या इस्टेट नकाशांत स्कॉच एकर वापरला जाई, तो आजच्या एकराच्या सुमारे सव्वापट भरतो. रूपांतर न करता आजच्या आकड्यांशी तुलना केली की जमीन वाढल्याचा भास होतो आणि त्यावरून भलतेच निष्कर्ष निघतात.

## ऑर्डनन्स सर्व्हे आणि नावांची वही

१८७० च्या दशकात सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेचे मोजणीदार सदरलंडमध्ये आले. रानाचा भाग मैलाला ६ इंच या प्रमाणात काढला, म्हणजे १ : १०,५६०. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे १०५ मीटर. कसलेली जमीन १ : २,५०० इतकी मोठी काढली. या नकाशांत प्रत्येक घर आहे. छपराचे घर भरीव दाखवलेले असते, छप्पर उडालेले असेल तर नुसती रिकामी चौकट. भरीव घरांशिवाय रिकाम्या चौकटींचाच पुंजका दिसला तर ती बहुधा उठलेली वस्ती असते.

पण नावांच्या अभ्यासकाला नकाशापेक्षा त्यामागची 'नेम बुक', म्हणजे नावांची वही, जास्त उपयोगी पडते. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार यांचे जे नाते आहे तेच इथे आहे. सातबारा बघून आज काय आहे ते कळते. ते तसे का झाले, कोणाच्या सांगण्यावरून झाले, हे बघायला फेरफार काढावा लागतो. नेम बुकच्या पानावर पाच रकाने असतात : नकाशावर घालायचे नाव, कानावर आलेली त्याची वेगवेगळी स्पेलिंगे, ते स्पेलिंग कोणी सांगितले, जागा कुठे आहे, आणि वर्णन. इंग्लंडच्या बऱ्याच वह्या १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. स्कॉटलंडच्या वह्या वाचल्या, नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे आहेत, आणि त्यांची पाने संगणकावर घरबसल्या वाचता येतात.

खरी गोष्ट तिसऱ्या रकान्यात आहे. प्रत्येक नावाला शक्यतो एकाहून जास्त माणसांची साक्ष घ्यायची पद्धत होती आणि साक्ष प्रतिष्ठितांची चांगली समजली जाई : जमीनदार, इस्टेटीचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर. ॲसिंटच्या आतल्या भागात तेव्हा राहत कोण होते? मेंढपाळ. त्यांतले कित्येक स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडून आणलेले, गेलिक न येणारे. आणि ज्यांच्या आज्या-पणज्या त्या आऱ्यांवर राहिल्या होत्या, ती कुटुंबे किनाऱ्याच्या पट्ट्यांवर. म्हणजे जागेजवळचा साक्षीदार परका, आणि माहितगार साक्षीदार जागेपासून दूर. एखाद्या टेकडीचे नाव नकाशात मोघम वाटले तर आधी ही शक्यता तपासावी.

सर्व्हेने आणखी एक धोरण ठेवले, त्याचा परिणाम आजच्या पाट्यांवरही दिसतो. गावांची नावे इंग्रजी वळणाने लिहिली, पण डोंगर, तळी, ओढे यांची बरीचशी गेलिकमध्ये ठेवली. म्हणून एकाच कागदावर गाव 'ड्रमबेग' असे इंग्रजी होऊन बसते आणि शेजारच्या तळ्याचे नाव व्याकरणासकट गेलिक राहते. नवख्या वाचकाला वाटते की ही दोन वेगळ्या लोकांची नावे आहेत. लोक एकच होते, फक्त कारकुनाचा नियम वेगळा होता.

## एक नाव जवळून : कर्केग

लॉखिनव्हरच्या दक्षिणेला इन्व्हरकर्केग नावाची वस्ती आहे. गेलिकमध्ये 'इन्व्हिर' म्हणजे नदीचे मुख, तेव्हा 'कर्केग' हे नदीचे नाव असणार. नदी आहेही, आणि तिच्यावर प्रसिद्ध धबधबाही आहे. पण 'कर्केग' गेलिकमधून उलगडत नाही. शेवटचा '-एग' हा तुकडा या किनाऱ्यावर वारंवार येतो. तो नॉर्स 'विक', म्हणजे छोटी खाडी, या शब्दाचा गेलिक तोंडात झिजलेला अवशेष आहे. पुढचा भाग 'किर्क्यू', चर्चचा. मूळ नाव : चर्चची खाडी.

आता क्रम लावा. नॉर्स खलाशांनी खाडीला नाव दिले. गेलिक बोलणाऱ्यांना त्यातली 'खाडी' ऐकू येईना, त्यांनी ते अख्खे एक विशेषनाम म्हणून उचलले आणि खाडीला मिळणाऱ्या नदीला चिकटवले. मग नदीच्या मुखाशी वस्ती झाली, ती 'इन्व्हर-कर्केग'. शेवटी खाडीच्या पाण्याला पुन्हा नाव हवे झाले, ते 'लॉख कर्केग'. 'लॉख' म्हणजे तळे किंवा समुद्राचा आत शिरलेला फाटा. म्हणजे खाडीचे नाव फिरून पुन्हा खाडीकडेच आले, आणि आता त्यात खाडी दोनदा आहे.

उत्तरेकडच्या ग्लेनलेरेगचे तसेच झाले. 'ग्लेन' म्हणजे अरुंद दरी, 'लेरेग' म्हणजे नॉर्स 'लेर-विक', चिखलाची खाडी. शेटलंडच्या लरविक शहराचे नावही हेच. दरीच्या तोंडाशी ओहोटीला उघडा पडणारा चिखल बघितला की नावाची खात्री पटते. डोंगरातल्या दरीत उभे राहून 'इथे खाडी कुठली' म्हणून अर्थ नाकारणारा माणूस मात्र चुकतो, कारण नाव चालत-चालत वर आलेले असते.

## अर्थ लावताना हमखास होणाऱ्या चुका

पहिली चूक डोळ्यांनी वाचण्याची. ऊनापूल आणि शेजारच्या पॅरिशमधले अलापूल यांत इंग्रजी 'पूल', म्हणजे डोह, शोधू नये. तो नॉर्स 'बोलस्ताद', म्हणजे शेतवस्ती, या शब्दाचा उरलेला शेंडा आहे. क्लॅशनेसीत ना नॉर्स 'नेस' म्हणजे भूशिर आहे, ना नेस सरोवराचा काही संबंध. गेलिक रूप 'क्लाश अन एसी', धबधब्याची घळ. गावाजवळ धबधबा आहे, जाऊन बघता येतो. इथे 'न' हा मधल्या 'अन'चा आहे, तो इंग्रजी लिहिण्यात पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला.

दुसरी चूक गेलिक व्याकरण न बघण्याची. गेलिकमध्ये शब्दाचे पहिले व्यंजन संदर्भानुसार मऊ होते आणि लिहिताना त्यापुढे 'एच' येतो. 'बीएच' आणि 'एमएच' या जोड्यांचा उच्चार साधारण 'व'. 'मोर' म्हणजे मोठा, पण स्त्रीलिंगी नामापुढे तो 'वोर' होतो. शब्दकोशात 'वोर' सापडणार नाही. 'एच' काढून शोधले की सापडतो. इंचनाडॅम्फ हे गाव घ्या. गेलिक 'इनिश नन दाव', नर हरणांचे कुरण. 'दाव'मधला 'व' लिहायला 'एमएच' वापरतात. इंग्रजी कारकुनाच्या हातून त्याचे 'एमपीएच' झाले आणि पुढच्या पिढ्या छापलेले बघून 'डॅम्फ' म्हणू लागल्या. असेच 'क्नॉक' म्हणजे टेकडी हा शब्द उत्तरेकडच्या गेलिकमध्ये 'क्रॉख्क' असा ऐकू येतो. परका कान त्यात 'र' लिहितो आणि शब्दाचा मागच हरवतो.

तिसरी चूक अक्षरे जिथे छापली तिथेच जागा मानण्याची. नाव मावेल तिथे छापणे ही नकाशा काढणाऱ्याची गरज असते. नेम बुकमधला 'जागा कुठे' हा रकाना त्याचसाठी बघायचा.

स्वरांवरच्या तिरक्या रेघा, म्हणजे आघातचिन्हे, हीही फसवतात. जुन्या छापील गेलिकमध्ये स्वरांवर उजवीकडे आणि डावीकडे झुकणारे असे दोन्ही आघात असत. १९८१ च्या लेखननियमांनंतर एकच ठेवला गेला, आणि नकाशांवर तर अनेकदा एकही नसतो. तेव्हा आघातावरून नावाचे वय काढू नये.

## 'गूगल मॅप असताना हा खटाटोप कशाला?'

रस्ता शोधायचा असेल तर अजिबात करू नका. पण आजच्या डिजिटल नकाशावर दिसते ते नाव कोणत्या तरी आधीच्या यादीतून उचललेले असते, आणि यादी बनवणाऱ्याने जे गाळले ते तिथे नसतेच. कॅनडा किंवा न्यूझीलंडमध्ये राहणारी व्यक्ती पूर्वजांचे गाव शोधते तेव्हा हीच अडचण येते. पॅरिशच्या जुन्या बाप्तिस्मा नोंदींत बापाच्या नावापुढे शेताचे नाव लिहिलेले असते. ते शेत १८१२ नंतर उठलेले असेल तर आजच्या नकाशात काहीही हाती लागत नाही, होमच्या मोजणीत मात्र त्याच्या हद्दीसकट सापडू शकते.

जमिनीच्या हक्कांनाही हे लागू आहे. १९९३ मध्ये ॲसिंटच्या क्रॉफ्टरांनी, म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या छोट्या पट्ट्यांच्या कुळांनी, नॉर्थ लॉखिनव्हर इस्टेटीची सुमारे २१,००० एकर जमीन ३ लाख पौंडांना एकत्र विकत घेतली. उठवल्या गेलेल्यांच्या वंशजांनी जमीन परत मिळवली, ही स्कॉटलंडच्या जमीन-सुधारणेतली फार मोठी घटना होती, आणि त्या लोकांविषयी मनात आदर वाटल्याशिवाय राहत नाही. मालकी आल्यावर कुरणाची सामायिक हद्द, जुनी वाट, कोणत्या ओढ्यापर्यंत कोणाचे, अशा प्रश्नांत जुनी नावे नुसती शोभेची राहत नाहीत.

## 'सरकारी नकाशा चुकेल कसा?'

तळ्याची आणि किनाऱ्याची रेषा बहुधा चुकत नाही. त्या काळच्या मोजणीची अचूकता आजही थक्क करते. नाव मात्र साखळीने मोजता येत नाही, ते विचारावे लागते. खडकीचे 'किर्की' आणि ठाण्याचे 'टॅना' करणारी लेखणी याच परंपरेतली होती. हा दुवा खराखुरा आहे : १८१५ मध्ये भारताचे पहिले सर्व्हेयर जनरल झालेले कॉलिन मॅकेन्झी हे लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवेचे, म्हणजे ॲसिंटच्या समोर मिंच ओलांडले की लागणाऱ्या बंदराचे.

## 'नाव नॉर्स, म्हणजे तिथे नॉर्स लोक राहत होते?'

नावाचा प्रकार बघा, मग बोला. स्टोर हे नाव नॉर्स 'स्ताउर', म्हणजे खांब. तिथल्या भूशिराजवळ समुद्रात सुमारे ६० मीटर उंचीचा खडकाचा सुळका उभा आहे. सूल्व्हनमधला 'सूल' म्हणजेही खांबच, पुढे गेलिक 'वेन', डोंगर. मिंचमधून बघितले तर सूल्व्हन खरोखर एका खांबासारखा दिसतो, जमिनीवरून बाजूने बघितले तर लांबलचक कण्यासारखा. ही दर्यावर्द्यांची खुणेची नावे आहेत. ती द्यायला किनाऱ्यावर उतरावेही लागत नाही. 'बोलस्ताद'ची गोष्ट वेगळी. शेतवस्तीला तसे नाव पडायला तिथे कसणारी माणसे लागतात. ऊनापूल आणि स्टोर दोन्ही नॉर्सच, पण वस्तीचा पुरावा पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही.

आणि नकाशावर नाव नाही म्हणजे जागेला नाव नव्हते, असेही नाही. सहा इंची नकाशावर जेवढी नावे मावली त्याच्या कितीतरी पट जास्त नावे, खडक, खळगे, जाळी टाकायच्या जागा, गुरे पाणी पितात ती वळणे, लोकांच्या तोंडी होती. ती उतरवून घेणारी माणसे तिथे आहेत ही फार चांगली गोष्ट आहे. हे काम बोलणारे हयात आहेत तोवरच होऊ शकते.

## स्वतः शोध घ्यायचा तर

सुरुवात मधून करावी, म्हणजे १८७० च्या दशकातल्या सहा इंची नकाशापासून. तो अचूक आहे आणि आजच्या नकाशावर बसतो. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुना आणि नवा नकाशा शेजारी-शेजारी, किंवा एकावर एक पारदर्शक करून, फुकट बघता येतो. जागा सापडली की तिचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींनुसार अक्षरे आणि आकडे मिळून होणारा पत्ता, लिहून घ्या. ॲसिंट 'एनसी' या चौकटीत येते. मग नेम बुकचे ते पान काढून पाचही रकाने जसेच्या तसे उतरवा. त्यानंतर मागे जा : होम, मग रॉय, मग ब्लाऊ आणि पाँट. उलट्या क्रमाने, पाँटपासून पुढे येऊ बघाल तर जागाच निश्चित होत नाही आणि पहिल्याच दिवशी गोंधळ उडतो.

होमचा नकाशा आजच्यावर बसवायचा असेल तर किमान सहा-आठ पक्क्या खुणा निवडा. तळ्यातून ओढा बाहेर पडतो ती जागा, खडकाळ भूशिराचे टोक, बेटाचा कोपरा, या चांगल्या. वाळूचा किनारा, नदीचे वळण आणि रस्ता टाळा. वाळू सरकते, नदी पात्र बदलते, आणि ॲसिंटचे आजचे रस्ते होमच्या काळी नव्हतेच. सगळ्या खुणा किनाऱ्यावर घेतल्या तर किनारा नीट बसतो आणि आतला डोंगराळ भाग शेकडो मीटर सरकतो. खुणा चारी बाजूंना पसरलेल्या हव्यात. एक खूण मुद्दाम बाजूला ठेवावी आणि बाकीच्यांवर नकाशा बसवल्यावर ती कुठे पडते ते बघावे. ती चुकीच्या जागी पडली तर कुठली तरी खूण चुकली आहे, असे समजून पुन्हा लावावे.

शेवटी उच्चार. गेलिक स्थळनावांच्या अधिकृत सल्ल्याचे काम करणारी 'आइनमन-आचा ना हालबा' ही संस्था आपल्या यादीत गेलिक रूपे देते, तिच्याशी ताडून बघा. स्थानिक बोलणाऱ्याच्या तोंडचा उच्चार मिळाला तर त्याचे वजन छापील स्पेलिंगपेक्षा जास्त धरा. कोणत्या अक्षरावर जोर पडतो तेवढ्यावरूनही बरेच कळते. गेलिक जोडनावात जोर सहसा विशेषणावर किंवा मागच्या पदावर असतो, एकसंध नॉर्स नावात पहिल्या अक्षरावर. ड्रमबेगमध्ये जोर 'बेग'वर आहे, म्हणजे 'छोटा कणा', दोन गेलिक शब्द. कर्केगमध्ये तो सुरुवातीला आहे.

स्वतःच्या वहीत अर्थाचा रकाना वेगळा ठेवा आणि तो पेन्सिलीने भरा. स्पेलिंग, साल, नकाशा, सांगणाऱ्याचे नाव, ग्रिड संदर्भ हे शाईने. अखमेलविख या गावाचेच घ्या. पुढचा 'अख' गेलिक शेताचा, मागे बहुधा नॉर्स 'मेल-विक', वाळूच्या टेकाडांची खाडी. किनारा पांढऱ्या वाळूचा आहे, म्हणजे जमीन साक्ष देते. तरीही 'बहुधा' हा शब्द वहीत राहू द्यावा, कारण उद्या एखादे जुने खरेदीखत निघेल, त्यात वेगळे स्पेलिंग असेल, आणि तेव्हा शाईने लिहिलेला अर्थ खोडावा लागेल.